झाडीपट्टीची रंगभूमी : लोककला, व्यवसाय आणि पाहुणा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. साकोली तालुक्यातील एकोडी याच प्रदेशात मोडते. दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारे संगीतप्रधान नाटक हे येथील प्रयोगरूप वाङ्मय होय. या वाङ्मयाचा विचार संहितेपुरता मर्यादित ठेवता येत नाही. त्याची अर्थव्यवस्थाही तपासावी लागते.

धान कापून घरात आले की मंडई भरतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे केंद्र आहे. गावातील मंडळ तेथून ठरावीक रकमेला प्रयोग ठरवते, मंडप उभारते व तिकिटे विकते. अर्थात तोट्याची जोखीम कलावंतांइतकीच गावावरही असते. सांस्कृतिक उद्योजकता ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिचा व्यवहार येथे जुनाच आहे. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये मिळालेली पद्मश्री ही या परंपरेची उशिरा झालेली दखल होय.

वारली चित्रकलेशी तुलना केल्यास येथील वेगळेपण स्पष्ट होते. जिव्या सोमा मशे यांच्या हातून भिंतीवरचे चित्र कागदावर आले आणि दूरच्या बाजारात पोहोचले. झाडीपट्टीचे नाटक मात्र असे गावाबाहेर पाठवता येत नाही. त्यासाठी पाहुण्यालाच गावात यावे लागते. हा पाहुणा म्हणजे माहेरी आलेली लेक, जावई, सोयरे. नाटकाच्या निमित्ताने भेटीगाठी होतात, सोयरिकीही जुळतात.

या व्यवस्थेचे परस्परावलंबित्व शंकरपटाच्या बाबतीत दिसून येते. पटाच्या रात्री नाटक, असा अनेक गावांचा प्रघात होता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्याने या गावांतील नाटकाचा एक आधारच निखळला. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली. मे 2023 मध्ये संबंधित कायदाही वैध ठरला.

सांस्कृतिक पर्यटनाची आखणी करताना हा अनुभव ध्यानात घ्यावा लागेल. पर्यटकाच्या सोयीसाठी रात्रभराचे नाटक तासाभराचा नमुना झाले, तर कलावंतांना बिदागी मिळेल. परंतु जोखीम उचलणारे गाव केवळ प्रेक्षक उरेल. म्हणून पर्यटकाने गावाच्या हंगामात, गावाच्या मंडपात, तिकीट काढूनच बसावे, हे अधिक श्रेयस्कर ठरते. अभ्यासकांनीही संहितेबरोबर मंडळांचे जमाखर्च, हस्तपत्रके आणि झाडीबोलीतील संवादांची प्रयोगागणिक बदलणारी रूपे संकलित करणे अगत्याचे आहे.