जुन्या संगणकावर शैक्षणिक आज्ञावली बसविणे : पूर्वतयारी, रीत व दोषशोधन

शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद असते, वर्गाच्या कोपऱ्यात तो कापडाखाली झाकलेलाही असतो. परंतु मुलांचे हात त्यास लागत नाहीत, अशी स्थिती काही शाळांत दिसून येते. 'यंत्र जुने झाले' एवढेच कारण बहुधा सांगितले जाते. बारकाईने पाहिल्यास पुष्कळदा असे आढळते की, यंत्र निकामी झालेले नसून एखादी किरकोळ अडचण वेळीच न शोधल्यामुळे ते पडून राहिले आहे. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्यास कळफलकावर बोटे ठेवण्याची संधी शाळेतच मिळावयाची. ती हुकली, तर वरच्या शाळेत गेल्यावर ते मूल बिचकते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही.

दोष शोधण्याची रीत शिक्षकास परकी नाही. मुलाच्या भागाकाराचे उत्तर चुकले, तर शिक्षक सारे गणित पुसून टाकीत नाही. कोणत्या पायरीवर चूक झाली ते तो पाहतो आणि तेवढीच दुरुस्त करून घेतो. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावयाचा असतो : लक्षण नीट पाहावे, संभाव्य कारण ठरवावे, एका वेळी एकच बदल करावा, परिणाम पाहावा व त्याची नोंद करावी. दोन-तीन बदल एकदम केल्यास यंत्र सुरू झाले तरी कशामुळे झाले ते कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवला म्हणजे सारा शोध नव्याने करावा लागतो.

१. यंत्राची ओळख

आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, बसविण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : कार्यप्रणाली (विन्डोज किंवा लिनक्स) कोणती व कितवी आहे, ती ३२ बिटांची आहे की ६४ बिटांची, स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, किती जीबी आहे, आणि डिस्कवर मोकळी जागा किती आहे. विन्डोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर' या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' निवडल्यास पहिल्या तीन गोष्टी एकाच पडद्यावर दिसतात. मोकळी जागा 'कॉम्प्युटर' उघडल्यावर दिसते.

बिटांचा प्रश्न दुर्लक्षिण्यासारखा नाही. ६४ बिटांसाठी केलेली आज्ञावली ३२ बिटांच्या कार्यप्रणालीवर चालत नाही. ३२ बिटांची आज्ञावली ६४ बिटांच्या विन्डोजवर साधारणतः चालते. परंतु विन्डोज ३.१ च्या काळातील १६ बिटांची आज्ञावली तेथे चालत नाही. एखादी फार जुनी शैक्षणिक तबकडी नव्या यंत्रावर उघडत नाही आणि जुन्यावर मात्र उघडते, त्याचे एक कारण हे असते. तसेच कार्यप्रणाली ३२ बिटांची असली तरी आतील प्रोसेसर ६४ बिटांचा असू शकतो. अशा यंत्रास पुढे ६४ बिटांची प्रणाली देता येते.

२. यंत्रास झेपेल अशी निवड

विन्डोज एक्सपीस निर्मात्याकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विन्डोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी व विन्डोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला याचा अर्थ यंत्र बंद पडले असा नव्हे. सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबले, एवढाच त्याचा अर्थ होय. एक्सपी वा विन्डोज ७ असलेले यंत्र महाजालाशी न जोडता चित्रकला, अंकगणित व टंकलेखन यांसाठी वापरण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यांची माहिती भरणे, शाळेची ई-पत्रे पाहणे किंवा बँकेचे व्यवहार करणे ही कामे मात्र त्यावर करू नयेत.

प्राथमिक वर्गांसाठी विनामूल्य मिळणाऱ्या दोन आज्ञावली विशेष उपयुक्त आहेत. 'टक्स पेंट' ही मुलांसाठीची चित्रकलेची आज्ञावली २००२ साली प्रथम प्रसिद्ध झाली. ती साध्या यंत्रावरही चालते व तिच्यात मराठी भाषा निवडता येते. 'जीकॉम्प्री' हा अंकओळख, माउस व कळफलक यांचा सराव, कोडी, तर्कखेळ इत्यादींचा मोठा संच २००० साली सुरू झाला. त्याचे नाव 'मला समजले' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आले आहे. महाजालाची जोडणी नसतानाही या दोन्हींवर काम करता येते.

कार्यप्रणालीच बदलावयाची झाल्यास लिनक्सचा विचार करावा. केरळ राज्यातील शासकीय शाळांत लिनक्सवर आधारित प्रणाली अनेक वर्षे वापरात आहे. ६४ बिटांचा प्रोसेसर व निदान २ जीबी रॅम असल्यास 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसविता येते. रॅम ४ जीबी असल्यास काम अधिक सुकर होते. ३२ बिटांच्या यंत्रासाठी २०२३ साली आलेली डेबियन १२ ही आवृत्ती घ्यावी. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ ची स्थापना ३२ बिटांच्या यंत्रावर करता येत नाही. मिंट ही प्रणाली डिस्कवर न बसविता पेनड्राइव्हवरूनच सुरू करून पाहता येते. पडदा, ध्वनी, माउस व मुद्रक ठीक चालतात अशी खात्री झाल्यावरच ती डिस्कवर बसवावी, कारण संपूर्ण डिस्कवर बसविताना आधीची सर्व माहिती पुसली जाते.

३. बसविण्याची रीत

पुढील क्रम ठेवल्यास बहुतेक अडचणी टळतात.

(अ) शाळेचे जुने लेख, निकालपत्रके व छायाचित्रे दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवावीत. ती तेथे उघडतात, हे प्रत्यक्ष पाहावे.

(आ) आज्ञावली तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. चांगल्या स्थितीतील संगणकावर विषाणुशोधकाने ती तपासावी व मगच पेनड्राइव्हवर घ्यावी.

(इ) पेनड्राइव्हवर जागा असूनही मोठी फाइल उतरत नसेल, तर त्याची मांडणी पाहावी. 'फॅट ३२' मांडणीत ४ जीबी वा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. अशा वेळी आतील माहिती दुसरीकडे ठेवून 'एनटीएफएस' मांडणी करावी.

(ई) आज्ञावली व्यवस्थापकाच्या खात्यातून बसवावी; मुलांसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते ठेवावे. व्यवस्थापकाच्या खात्यात चालणारी आज्ञावली मुलांच्या खात्यात कधीकधी अडते. म्हणून शेवटची चाचणी मुलांच्याच खात्यात घ्यावी.

(उ) एक आज्ञावली बसवून, चालवून व बंद करून पाहावी; मगच दुसरी घ्यावी.

४. नेहमी आढळणारे दोष

तारीख मागे जाणे. यंत्र सुरू करताच तारीख अनेक वर्षे मागची दिसते व महाजालावरील संकेतस्थळे 'प्रमाणपत्र वैध नाही' असे सांगून उघडत नाहीत. मुख्य फलकावरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपल्याचे हे लक्षण होय. त्यावर बहुधा 'सीआर २०३२' असे छापलेले असते. सेल संपल्याने फलकावरील मूळ मांडणीही पुसली जाते. त्यामुळे डिस्क जोडण्याचा प्रकार बदलून विन्डोज निळा पडदा दाखविते, आणि डिस्क खराब झाली असा समज होतो. वीजजोड काढून सेल बदलावा, तारीख लावावी, आणि मांडणीत डिस्कपुढे 'आयडीई' व 'एएचसीआय' यांपैकी पूर्वी जे होते ते पुन्हा निवडावे. पूर्वीचे ठाऊक नसल्यास एकेक निवडून पाहावे. सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास जिवावर बेतू शकते.

यंत्र सुरू न होता बीप वाजणे. दीर्घकाळ पडून असलेल्या यंत्रात रॅमच्या पट्टीच्या संपर्कस्थानी धूळ व गंज धरतो. वीजजोड काढून पट्टी अलगद बाहेर घ्यावी, तिच्या पिवळ्या कडा खोडरबराने पुसाव्यात, रबराचा भुगा झटकावा आणि पट्टी दोन्ही बाजूंनी खटका बसेपर्यंत दाबावी. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहतो.

आज्ञावली उघडताच पडदा काळा होणे. जीकॉम्प्रीची हल्लीची आवृत्ती चित्रे काढण्यासाठी 'ओपनजीएल' या सोयीचा आधार घेते. जुन्या यंत्रात ती अपुरी असल्यास पडदा काळा राहतो किंवा आज्ञावली लगेच बंद होते. प्रथम चित्रफलकाची चालक आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, बसलेली आहे का ते पाहावे. तरीही न जमल्यास जीकॉम्प्री 'सॉफ्टवेअर रेंडरर' या पर्यायाने सुरू करावी. गती थोडी कमी होते, परंतु काम चालते.

मराठी अक्षरे बिघडणे. या दोषाचे तीन प्रकार आहेत व तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत. अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसत असल्यास देवनागरीचा टंक यंत्रात नाही, तो बसवावा. 'शिक्षक' या शब्दात पहिली वेलांटी चुकीच्या जागी गेली व 'क्ष' फुटून 'क्' आणि 'ष' असा वेगळा दिसला, तर टंक आहे पण अक्षरजुळणीची सोय सुरू नाही. एक्सपीमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' येथील 'लँग्वेजेस' या भागात जटिल लिप्यांची सोय निवडावी लागते व तीसाठी एक्सपीची तबकडी लागू शकते. विन्डोज ७ मध्ये ही सोय मुळातच आहे. तिसरा प्रकार म्हणजे रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ दिसणे. तो लेख युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकात लिहिलेला असतो. तोच टंक बसविल्याशिवाय किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय तो वाचता येणार नाही. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे, म्हणजे पुढील शिक्षकास ही अडचण येणार नाही.

जुने पाठ न उघडणे. अनेक जुन्या तबकड्यांवरील हलती चित्रे 'फ्लॅश' या साधनाने केलेली होती. निर्मात्याने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपविला व १२ जानेवारी २०२१ पासून त्यात असे पाठ चालणे रोखले. तबकडी खराब झाली असे समजून ती टाकू नये. 'रफल' ही विनामूल्य आज्ञावली असे बरेच पाठ उघडू शकते. सर्वच उघडतील असे नाही, म्हणून पाठाच्या आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

यंत्र अतिशय संथ चालणे. प्रथम पंख्यावरील व जाळीवरील धूळ काढावी. तापलेले यंत्र आपली गती आपोआप कमी करते. नंतर यंत्र सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या अनावश्यक आज्ञावली बंद कराव्यात. एवढ्याने भागले नाही, तर रॅम वाढविणे किंवा फिरत्या डिस्कऐवजी 'एसएसडी' बसविणे, हे दोन उपाय नवे यंत्र घेण्यापेक्षा बहुधा पुष्कळच स्वस्त पडतात.

५. नोंद, बदली व निर्लेखन

प्रत्येक यंत्रासाठी वहीची दोन पाने राखावीत. पहिल्या पानावर यंत्राची ओळख, बसविलेल्या आज्ञावली व त्यांच्या आवृत्त्या लिहाव्यात. दुसऱ्या पानावर दिनांक, लक्षण, केलेला बदल व परिणाम असे चार रकाने आखावेत. शिक्षकाची बदली झाली, परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला आणि चालते यंत्र त्या दिवसापासून बंद राहिले, असे होऊ देऊ नये. परवलीचा शब्द बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवावा आणि कार्यभार देताना वही व पाकीट या दोहोंचा उल्लेख करावा.

यंत्र निर्लेखनास पाठविण्यापूर्वी निदान सेल, रॅमची पट्टी व वीजजोड या तीन गोष्टी तपासल्याची नोंद वहीत असावी. मुख्य फलक जळालेला असेल किंवा दुरुस्तीचा खर्च परवडणारा नसेल, तर निर्लेखन अवश्य करावे. दुरुस्तीच्या आशेने निकामी यंत्रे साठवीत बसणेही योग्य नव्हे. तत्पूर्वी विद्यार्थ्यांची माहिती असलेली डिस्क पूर्णपणे पुसावी, उपयोगी पडणारे सुटे भाग आवश्यक ती मंजुरी घेऊन दुसऱ्या यंत्रासाठी राखावेत, आणि उरलेले यंत्र भंगारवाल्यास न देता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनश्चक्रकाकडे जाईल अशी व्यवस्था करावी.

यंत्र चालू झाल्यावर मुलांच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावावा. एका यंत्रावर दोघे बसवून, दर दहा मिनिटांनी माउस एकाकडून दुसऱ्याकडे जाईल असे पाहावे. वर्गातील प्रत्येक मुलाची पाळी आठवड्यातून निदान एकदा आली की नाही, हे त्या तक्त्यावरून शनिवारी तपासावे.