मेमरी घडवणारे कोणत्या ब्रँचचे?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना अनेक घरांत एकच हट्ट असतो, 'कॉम्प्युटर मिळालं तरच!' इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल, मेटलर्जी ही नावं खाली, नाइलाजानं. मेमरीचा इतिहास मात्र या हट्टाला साथ देत नाही.

1950च्या दशकात संगणकाची मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या. पुढे चिपवर मेमरी बसवायची ठरली, पण एका बिटासाठी सहा ट्रान्झिस्टर लागत. 1966मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी ते काम एका ट्रान्झिस्टरवर आणि एका कपॅसिटरवर भागवलं. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर 1, नसला तर 0. हा भार गळतो, म्हणून तो सेकंदाला अनेकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. गळक्या माठात पाणी ओतत राहण्यासारखा उद्योग. पण जागा आणि पैसा एवढा वाचला की कड्या मागे पडल्या. 1968मध्ये पेटंट मिळालं, 1970मध्ये इंटेलची 1,024 बिटांची 1103 ही चिप आली. तुमच्या फोनमधली रॅम आजही डेनार्ड यांच्याच तत्त्वावर चालते. डेनार्ड शिकले होते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग.

वीज गेली की ही रॅम कोरी. वीज नसतानाही टिकणारी फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1984मध्ये जगापुढे मांडली. पुढे मोबदल्यासाठी त्यांना कंपनीवर दावा लावावा लागला. 2006मध्ये 8 कोटी 70 लाख येनवर तडजोड झाली. (पॅकेजचं गणित मांडणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावं.)

आता फ्लॅशचे दोनशेहून अधिक थर एकावर एक रचतात आणि त्यांतून आरपार, सरळ, अतिसूक्ष्म छिद्रं कोरतात. इथे कोडिंगपेक्षा प्लाझ्मा, रसायनं आणि पदार्थविज्ञान कामाला येतं, म्हणजे फॉर्मवर खाली ढकललेल्या त्याच ब्रँच.

बातम्यांतल्या 'सेमीकंडक्टर'मध्येही फरक असतो. गुजरातेत साणंदचा, मेमरी बनवणाऱ्या मायक्रोन कंपनीचा प्रकल्प चिपच्या जोडणी-चाचणीचा आहे. तिथे वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, चिप घडवत नाहीत. जोडणी-चाचणीत डिप्लोमावाल्यांनाही वाव असतो, डिझाइनसाठी बहुधा एमटेक उपयोगी पडतं. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईनं 2023मध्ये व्हीएलएसआयचा, म्हणजे चिप-डिझाइनचा, बीटेक आणि चिपनिर्मितीचा डिप्लोमा असे आराखडे आणले, तेव्हापासून कॉलेजांच्या जाहिरातींत हे शब्द चमकू लागले. प्रवेशाआधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, लॅब आठवड्यातून किती तास उघडी असते, आणि शिकवणाऱ्यांपैकी चिपवर प्रत्यक्ष काम केलेलं कुणी आहे का.