आपद्ग्रस्त कुटुंबांस घरबसल्या उद्योग

पूर वा भूकंपाने शेती व घर गेल्यावर धान्यवाटप आवश्यकच; परंतु कुटुंब पुन्हा उभे राहते ते कामाने. या बाबतीत मुंबईतील गिरगावचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच ‘लिज्जत’ उद्योग वाढला. केंद्रावरून मळलेले पीठ न्यावे, घरी पापड लाटून वाळवावेत, ते परत देऊन मजुरी घ्यावी, अशी ही पद्धती.

ग्रामसेवकांनी आपद्ग्रस्त वस्तीत प्रथम अवगत कसब व जागा पाहावी. ओल्या निवाऱ्यात पापड वाळत नाहीत. तेथे शिवणकाम बरे. मग गिऱ्हाईक ठरवावे, नंतरच कच्चा माल वाटावा. हा क्रम उलटल्यास माल पडून राहतो व कर्ज वाढते.