घरातील अडगळ व तिचे निवारण
(इयत्ता ४ थीसाठी पाठ-मार्गदर्शन)

प्रास्ताविक

दिवाळी जवळ आली की आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत भिंतींना पोतारा दिला जातो, अंगणे सारवली जातात आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत फुटके डबे, मोडकी अवजारे व रिकामी पोती ‘केव्हातरी उपयोगी पडतील’ या आशेने कोपऱ्यांत साठत राहतात. याच सुमारास सीतादही होऊन कपाशीची पहिली वेचणी घरी येते. चांगला भाव मिळेपर्यंत पुष्कळ कुटुंबांना कापूस राहत्या खोलीतच ठेवावा लागतो. माणसांना वावरण्यास जागा उरत नाही आणि अंगास खाज सुटते. अशा घरात एक कोपरा मोकळा होणे ही चैनीची बाब नसून आरोग्याची व सुरक्षिततेची बाब आहे.

पाठाचे हेतू

1. लागणारी व न लागणारी वस्तू ओळखण्याची सवय लावणे.
2. अडगळीपासून उद्भवणारे धोके समजावून देणे.
3. स्वतःच्या हाताने पुरे केलेल्या लहान कामाचे समाधान मुलांस अनुभवास आणून देणे.

शिक्षकांसाठी पार्श्वभूमी

या विषयाला आपल्या शेजारच्याच भूमीत थोर परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले संत गाडगेबाबा गावात पाऊल ठेवताच हाती खराटा घेत. दिवसा गाव झाडीत व रात्री कीर्तनातून लोकांच्या मनातील केर काढीत. 1956 साली त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या मागे धर्मशाळा व शाळा होत्या. स्वतःचा असा संसार त्यांनी जमविला नव्हता. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई ही शिक्षा नव्हती, तो शिक्षणाचाच भाग होता. आपल्या पाठातही हीच दृष्टी असावी.

पाठाची मांडणी

(अ) आरंभ वर्गातील कपाटापासून करावा. सर्व वस्तू सतरंजीवर मांडून मुलांकडून त्यांचे तीन ढीग करवावेत : नित्य लागणाऱ्या, दुरुस्त करून किंवा दुसऱ्यास देऊन उपयोगी पडणाऱ्या, व टाकाऊ. वस्तू कोणत्या ढिगात जावी यावर वाद झाल्यास ‘गेल्या पोळ्यापासून हिला कोणी हात लावला होता काय?’ असा प्रश्न विचारावा. कपाट पुसून पुन्हा लावून झाले की मुलांस दोन मिनिटे त्यापुढे स्वस्थ उभे राहू द्यावे. शेतात पेरलेल्याचे फळ कित्येक महिन्यांनी हाती येते आणि तेही पावसावर अवलंबून असते. आवराआवरीचे फळ मात्र तासाभरात डोळ्यांपुढे उभे राहते. हा अनुभव शब्दांनी देता येत नाही, म्हणून येथे शिक्षकाने व्याख्यान देऊ नये.

(आ) नंतर घरातील धोक्याच्या तीन जागा समजावून सांगाव्यात.

पहिली, साठलेले पाणी. डेंग्यू पसरविणारा डास फुटके डबे, जुने टायर, रांजण यांतील स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे 7 ते 10 दिवस लागतात. अंडी भांड्याच्या आतील कडेस चिकटून राहतात; म्हणून आठवड्यातून एकदा भांडे नुसते ओतून न देता घासून कोरडे करावे.

दुसरी, पऱ्हाटी, लाकडे व पोत्यांचे ढीग. तेथे उंदीर येतात व उंदरांमागे साप येतात. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर निजलेल्यांस दंश करतो. असा ढीग निजण्याच्या जागेपासून दूर असावा आणि तो मोठ्या माणसांनीच, दिवसाउजेडी, काठीने हलवावा.

तिसरी, फवारणीच्या औषधांचे डबे. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल व्हावे लागले. हे दुःख कोणी विसरू नये. डब्यावरील चौकटीचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची उतरती तीव्रता दाखवितो. मात्र हिरवा रंग म्हणजे निर्धोक असे नव्हे. रिकाम्या डब्यात तेल, पाणी वा धान्य कदापि ठेवू नये. डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घालावे व डब्यास छिद्रे पाडून तो निकामी करावा, हे काम वडीलधाऱ्यांचे. मुलांनी डब्यास हात न लावता तो कोठे आहे एवढेच घरी सांगावे.

(इ) गृहकार्य. सात दिवस, रोज पाव तास, एकच जागा : दप्तर, देवळी, चुलीजवळची फळी, कपड्यांची वळणी, अंगणाचा कोपरा, पाण्याची जागा आणि शेवटी घरचे कागद. शिधापत्रिका, सातबारा, पीकविम्याच्या पावत्या व बँकेचे पुस्तक ही वडिलांच्या किंवा आईच्या देखत एका पिशवीत ठेवावीत. ऐन वेळी कागद न सापडल्याने तालुक्याची फेरी वाया जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

कोणाचे घर तपासण्यास जाऊ नये व दोन घरांची वर्गात तुलना करू नये. ज्याच्या घरी वस्तूच थोड्या, त्याला या पाठाने कमीपणा वाटता कामा नये. वडीलधाऱ्यांच्या अनुमतीवाचून काहीही टाकू नये. जे मुलास चिंधी वाटते ते आजीने गोधडीसाठी राखलेले असते. हे काम मुलींवर सोपवून मुलांनी पाहत बसावे, असे मुळीच होऊ देऊ नये.

मूल्यमापन

आठव्या दिवशी प्रत्येकाने तीन वाक्ये सांगावीत : कोणती जागा आवरली, कोणती हरवलेली वस्तू सापडली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आता काय करता येते. एखादे मूल ‘तेथे बसून मी अभ्यास करतो’ असे म्हणाले, तर पाठ सफल झाला असे निःशंक समजावे.