धार आणि कोन

सुरी बोथट झाली म्हणजे ती निरुपद्रवी झाली, असें पुष्कळांस वाटतें. पण प्रकार उलटा आहे. बोथट पातें कांद्याच्या सालीवरून घसरतें, त्यास अधिक जोर लावावा लागतो, आणि तोच जोर निसटून बोटावर येतो. म्हणून धार लावणें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास आलें पाहिजे. त्याचें मर्म एवढेंच कीं, पात्याचा दगडाशीं असलेला कोन आरंभापासून शेवटपर्यंत एकच राहावा. दगड कितीही उत्तम असो, हात वरखालीं झुलला कीं कड गोल होते. तासभर घासूनही सुरी कापीत नाहीं तें बहुधा यामुळेंच. पोलादास उगाच दोष देतात.

कोन मोजण्यास यंत्र नको. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशाइतकी त्याची पाठ दगडावरून उचलावी, म्हणजे सुमारें 20 अंशांचा कोन होतो. दीड इंच रुंद सुरीची पाठ अर्धा इंच वर राहील. लांकूड तोडण्याच्या कोयत्यास इतकी पातळ धार टिकत नाहीं, ती मुडपते. तेथें पाठ रुंदीच्या निम्मी उचलावी, तो कोन 30 अंशांचा होय. कोयता जड, विळी पाटास जडलेली; त्यांस स्थिर ठेवून दगडच फिरवावा, नियम तोच.

हात खरोखर स्थिर आहे कीं नाहीं, हें कसें कळावें? धारेच्या उतारावर दिव्याची काजळी लावावी, आणि कोरड्या दगडावर पातें दोनच वेळां हलकें ओढून उजेडांत पाहावें. काजळी केवळ कडेशीं पुसली गेली, तर पाठ फार वर आहे. कडेशीं राहून वरच्या बाजूस पुसली गेली, तर फार खालीं. सर्व उतारावरून सारखी गेली, म्हणजे कोन जुन्या धारेशीं जुळला.

मग दगड भिजवून एकच बाजू घासावी, ती दुसऱ्या बाजूच्या कडेवर बारीक खरखर लागेपर्यंत. ती पाहतांना अंगठा पाठीकडून धारेबाहेर फिरवावा, धारेच्या लांबीनें कधींही नव्हे. खरखर लागण्यापूर्वीं बाजू बदलूं नये. उतावळे लोक येथेंच फसतात. दुसरी बाजू तशीच घासून शेवटीं दोन्ही बाजू आळीपाळीनें अगदीं हलक्या हातानें ओढाव्या.

दातेरी विळ्यास हा उपाय करूं नये, दांते झिजतात. तो लोहाराकडे न्यावा. फिरत्या चाकावर मात्र नजर असावी. धार तापून निळी पडली, कीं पोलादास दिलेलें पाणी तेथें उतरलें. मागाहून थंड पाण्यांत बुडवून तें परत येत नाहीं, तेवढा भाग घासून काढावा लागतो.