सूर्याचे कण, रुपयाचे नाणे आणि संगणक



मे २०२४ मध्ये टीव्हीवर सौर वादळाची बातमी झळकली, तेव्हा एका पालकांनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले, "सर, पोरांना घरातच ठेवायचे काय?" पृथ्वीचे चुंबकत्व आणि डोक्यावरची हवा आपल्याला झाकून आहेत, पांढुर्ण्यात जमिनीवर भिण्याचे कारण नाही, असे आम्ही सांगितले. त्यांचा पुढचा प्रश्न अवघड होता : "मग शास्त्रज्ञ आधीच का नाही सांगत?" त्यासाठी हा पाठ. (आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले. एखादा शब्द तिकडचा आला तर सांभाळून घ्यावे.)

सूर्यावर मोठा उद्रेक झाला की प्रकाश आपल्याकडे आठ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात येतो. चुंबकित वायूचा ढग यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, म्हणून त्याची सूचना देता येते. पण त्या ढगाच्या पुढे धक्क्याची लाट असते. तिच्या अलीकडे-पलीकडे चुंबकीय खळबळ असते आणि प्रोटॉन त्यात सापडून पुन्हा पुन्हा परततात. दोन मुले बॅट धरून एकमेकांकडे चालत येत आहेत आणि मधला चेंडू दर टोल्याला अधिक जोराने उडतो आहे, असे समजा. त्यामुळे कणांची ऊर्जा हजारो पट वाढते. त्यांतले सर्वांत वेगवान कण अर्ध्या तासाच्या आतही पृथ्वीजवळ पोहोचतात.

ऑगस्ट १९७२ मध्ये असा जबर मारा झाला. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतले होते, अपोलो-१७ डिसेंबरमध्ये गेले. मधल्या त्या दिवसांत चंद्रावर कोणी नव्हते, हे नशीबच.

आता संगणकाचे काम. कण सरळ रेषेत येत नाहीत. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्या चुंबकीय रेषा संत्र्याच्या बागेतल्या फिरत्या तुषाराच्या पाण्यासारख्या वळतात आणि कण त्या रेषा धरून चालतात. म्हणून सूर्यबिंबाच्या पश्चिम भागातला उद्रेक पुष्कळदा समोरच्या उद्रेकापेक्षा आपल्याकडे लवकर कण पाठवतो. वाटेत खळबळ भेटली की कण भरकटतात. एकेका कणाची वाट कोणी सांगू शकत नाही. आपली गोटमार आठवा (उदाहरण चांगले नाही, पण इथे सर्वांना कळणारे आहे) : एक दगड कुठे पडेल हे सांगता येत नाही, मात्र दगडांचा खच कुठे पडतो हे जाणकार सांगतात. संगणक लाखो काल्पनिक प्रोटॉन सोडतो, प्रत्येक वळणावर जणू नाणे उडवतो आणि शेवटी किती कण कुठे, केव्हा पोहोचले ते मोजतो.

मग तो चुकतो का? चुकतो. लाटेचा वेग किती, सुरुवातीला कण किती होते, हे पूर्ण ठाऊक नसते. धोका नसताना इशारा दिला तर काम थांबते, आणि धोका असताना गप्प राहिले तर यात्रीच्या जिवावर येते. म्हणून संगणकाचे उत्तर मोजमापाशी ताडून पाहावे लागते. आपले आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या कक्षेत पोहोचले. त्यावरचे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे 'अ‍ॅस्पेक्स' उपकरण असे कण मोजते. पुण्याच्या 'आयुका'ने बनवलेली दुर्बीण सूर्याची अतिनील किरणांतली चित्रे घेते.

आम्ही आठवीच्या ३० मुलांना मैदानावर एका रेषेवर उभे केले. छाप आला तर एक पाऊल पुढे, काटा आला तर मागे, असे ३६ वेळा. बहुतेक मुले जागेच्या आसपासच राहिली, दोघे मात्र बारा पावलांवर गेले. "सर, तेच पहिले पोहोचले ना?" एका मुलीने विचारले. सूर्याच्या कणांतही लवकर येणारे थोडेच असतात आणि इशारा नेमका त्यांच्यासाठीच हवा असतो.

हाच डाव संगणकाला एक लाख वेळा खेळायला लावायचा आहे. विश्वस्त मंडळास विनंती, की संगणक कक्षाचे कुलूप शनिवारी दुपारीही उघडावे. नववीच्या मुलांनी येताना वही आणि रुपयाचे नाणे आणावे. पालक आले तर त्यांनाही नाणे उडवावे लागेल.