वाढीव वॉरंटी: कुणी घ्यावी, कुणी सोडावी

कबनूरसारख्या गावात नवी गाडी घरी आणायची म्हणजे हार, पेढे, नारळ आणि फोटो यांची गडबड असते. त्या गडबडीतच शोरूममध्ये वाढीव वॉरंटीचा कागद पुढे येतो. ‘हप्त्यात महिन्याला चारशेच वाढतात’ एवढं ऐकून सही होते. माझं म्हणणं असं की हा निर्णय त्या दिवशी घ्यायचाच नसतो. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत वाढीव वॉरंटी देतात. उशीर केला तर दर टप्प्याटप्प्याने चढतो, इतकंच. शिवाय मूळ वॉरंटीच आता लांबली आहे. मारुतीची 2024 च्या जुलैपर्यंत दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटर होती, ती तीन वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर झाली. म्हणजे आज पैसे भरलेल्या कागदाचा उपयोग सुरू होणार चौथ्या वर्षी. समजा, वाढीव वॉरंटीचे 20,000 रुपये 9 टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जात घातले तर व्याजासकट जवळपास 24,900 होतात, आणि पहिली तीन वर्षं आपण अजून सुरूही न झालेल्या गोष्टीचं व्याज भरत राहतो. वॉरंटी हवीच असेल तर ती रोखीने घ्यावी, कर्जात घालू नये.

पण हवी का, हा खरा प्रश्न. यंत्रमागाच्या गावाला यंत्राचा स्वभाव वेगळा सांगायला नको. नवा माग बसवला की सुरुवातीला दुरुस्तीसाठी जॉबरच्या फेऱ्या चालू असतात, मग तो वर्षानुवर्षं निमूट चालतो आणि झिजला की पुन्हा कुरकुरायला लागतो. गाडीचंही तसंच आहे. कारखान्यातून आलेला दोष बहुधा लवकर, मूळ वॉरंटीतच उघडा पडतो. चौथं-पाचवं वर्ष हा मधला शांत काळ, आणि वाढीव वॉरंटी विकली जाते ती नेमकी याच काळासाठी. त्या काळात जे हमखास बदलावं लागतं ते म्हणजे क्लच, ब्रेक पॅड, टायर, वायपर, रबरी बुश. हे सगळं ‘झीज’ म्हणून सहसा वगळलेलं असतं. शिवाय आपण भरलेल्या रकमेत दुरुस्तीचा अंदाजी खर्च, विक्रेत्याचं कमिशन, कंपनीचा नफा आणि वर जीएसटी एवढं बसवलेलं असतं. म्हणून सगळ्या गाडीमालकांची सरासरी काढली तर भरलेले पैसे परत येत नाहीत. यात फसवणूक नाही, कोणताही विमा असाच चालतो. फक्त त्यामुळे प्रश्न बदलतो. बिघाड होईल का, हे विचारण्यापेक्षा एकदम मोठं बिल आलं तर घराचं गणित कोलमडेल का, हे विचारावं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो डिझेलचे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप, हायब्रिडची यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांची बिलं तशी असतात. अशी गाडी असेल आणि हाताशी शिल्लक नसेल, तर वाढीव वॉरंटी घ्यावी, असं मी निःसंकोच सांगेन. उलट साधी पेट्रोल, हातगिअरची छोटी गाडी, जी इचलकरंजीचा बाजार आणि सणावाराला जोतिबा किंवा नरसोबाची वाडी एवढंच करते, तिच्या मालकाने तेच पैसे आवर्ती ठेवीत टाकले तर बिघाड झाला तरी कामाला येतात, नाही झाला तरी आपलेच राहतात. कापडाच्या धंद्यासाठी सारखं भिवंडी, सुरत करणाऱ्यांचं गणित निराळं. वॉरंटीत ‘वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी संपेल ते’ असं असतं. वर्षाला 40,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीची 1 लाखाची मर्यादा अडीच वर्षांतच संपते. त्यांनी वर्षांपेक्षा किलोमीटरचा आकडा आधी बघावा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला बहुतेक कंपन्या आधीच आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी देतात; केवळ बॅटरीच्या भीतीपोटी वेगळे पैसे भरण्यात अर्थ नाही.

आपल्या भागात मात्र लोकांच्या मनात धास्ती असते ती वेगळीच. 2005, 2019 आणि 2021 साली पंचगंगेने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुराचं पाणी इंजिनात गेलं तर कोणतीच वॉरंटी, मूळ किंवा वाढीव, ते नुकसान भरून देत नाही. त्यासाठी विम्यातलं इंजिन संरक्षणाचं जादा कलम लागतं, आणि तिथंही बुडालेली गाडी किल्ली फिरवून चालू करायचा प्रयत्न झाला असेल तर दावा अडचणीत येतो. उसाच्या फडाशेजारी किंवा गोदामात लावलेल्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या, तरी तो उत्पादनातला दोष ठरत नाही. पैसे थोडे असतील तर आधी विमा भक्कम करावा, वॉरंटीचा नंबर त्यानंतर.

‘पण मनाला शांती मिळते ना,’ असं कुणी म्हणेल. मिळते, पण अटी पाळल्या तरच. प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत केंद्रात आणि बिलासह हवं. गावातल्या मिस्त्रीकडे ऑइल बदलून घेणाऱ्याने, बाहेरून सीएनजी किट बसवणाऱ्याने, हॉर्न-लायटींसाठी वायरिंग कापणाऱ्याने स्वतःलाच विचारावं की आपण ही शिस्त पाळणार आहोत का. यावर रास्त आक्षेप असा की बाहेर काम केलं म्हणून सगळी वॉरंटी कशी रद्द होते? भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 कार कंपन्यांना 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावताना हेच म्हटलं होतं: बाहेरच्या सदोष कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच वॉरंटी नाकारावी, सरसकट नको. पण प्रकरण पुढे अपिलांत गेलं आणि काउंटरवर आजही जुनंच उत्तर मिळतं. तत्त्व आपल्या बाजूने असलं तरी रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला तत्त्वावर थांबून राहता येत नाही, म्हणून मी बिलं जपायचाच आग्रह धरतो. गाडी विकताना वाढीव वॉरंटीमुळे चार पैसे जादा मिळतात हा मुद्दा खरा आहे, पण ती नव्या मालकाच्या नावावर होते की नाही हे कागदावर असायला हवं. आणि कागद कुणाचा तेही बघावं: गाडीच्या कंपनीचा असेल तर तो सहसा देशभर चालतो, विक्रेत्याचा किंवा तिसऱ्याच कंपनीचा असेल तर चालेलच असं नाही.

दावा नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि नकार कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागावं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असो की चेन्नईत.